सिल्वेस्त्रोने पाडलेली खिडकी

माझा मेहुणा सिल्वेस्त्रो फेर्रांदेस याला आयुष्यात एकच काम जमलं, बोलणं. इटलीच्या पांतेल्लेरिया बेटावर वारा आधीच कमी नाही, त्यात हा. उन्हाळ्यात बोटीतून पाहुणे उतरले की हा धक्क्यावर हजर. ज्वालामुखी फुटून बेट समुद्रातून कसं वर आलं, रोमनांनी कुठल्या राजकन्येला इथे हद्दपार केलं, अरबांनी काय काय लावलं, सगळं तोंडपाठ. त्या राजकन्येचं रक्त आपल्या अंगात असल्याचंही सांगायचा. रक्ताचं मला ठाऊक नाही, पण कामाला हात न लावण्याची सवय राजघराण्यातलीच होती.

लोणच्यासाठी केपरच्या झुडपांच्या कळ्या खुडायला, द्राक्षं वाळवायला माझी बहीण ब्रिजिदा एकटी. वडिलांनी तिला लग्नात एक संत्र्याचं झाड दिलं होतं. आमच्याकडे ऑलिव्हसुद्धा जमिनीला चिकटून वाढतं. वर डोकं काढलं की खारा वारा करपवून टाकतो. म्हणून एकेका संत्र्याभोवती काळ्या दगडांची उंच गोल भिंत रचतात. ही आमच्या पणजोबांनी रचलेली. ब्रिजिदा दुपारी आत जाऊन बसायची. घरात तिला बोलायला जागाच मिळत नसे.

निरभ्र दिवशी त्या भिंतीबाहेरून समुद्रापलीकडची आफ्रिका दिसते. सिल्वेस्त्रोला पाहुण्यांना संत्र्याखाली बसवून ती दाखवायची होती, आणि भिंत आड येत होती. भिंतीला हात लावू नकोस, वारा आत घुसेल, असं मी बजावलं.

"वाऱ्याचा इतिहास मला शिकवू नकोस," तो म्हणाला.

ब्रिजिदा गावात गेलेली पाहून त्याने भिंतीला खिडकी पाडली. खालचे चार दगड काढले, वरचा ढीग आपोआप कोसळला. ती परतून दगड रचायला लागली, तेवढ्यात समुद्रावरून वारा सुटला. हा घरात पांघरूण ओढून पडला. वारा थांबला तेव्हा झाडावर एकही हिरवं पान नव्हतं. वसंतात खोडाची साल सुटली.

मला वाटलं, आता तरी लाजेल. कसला लाजतोय! पुढच्या उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन त्याच वाळक्या झाडापुढे उभा. ज्वालामुखी अजून जिवंत आहे, त्याच्या श्वासाने हे झाड जळालं, असं सांगू लागला. एका बाईने हळहळून खोडाला हात लावला. उंबऱ्यावर कळ्या निवडत बसलेली ब्रिजिदा उठली आणि तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"ज्वालामुखी हाच, बाई. रोज दोन वेळा जेवतो."

पाहुणे हसले. सिल्वेस्त्रोही हसला, त्याला ती थट्टा वाटली. त्या संध्याकाळी त्याचं पान मांडलेलं नव्हतं, आणि दाराला आतून कडी होती. तेव्हापासून तो माझ्याकडे जेवतो. आणि बोलतो.