पुनमचंदच्या घराची मजुरी

पुनमचंद राठोडकडे पाहुणा आला की तो आधी पाणी देतो आणि मग घर दाखवतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, वर स्लॅब. दाखवताना बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा भिंतीवर हात ठेवतो. "गुरुजी, सिमेंट, सळई, खडी इकत आणली. मजुरीचा एक पैसा दिला न्हाई." औंढा तालुक्यातल्या त्याच्या तांड्यावरच्या शाळेत मी नोकरीची शेवटची वर्षं काढली, त्यामुळे हे वाक्य मला त्याच्या आवाजासकट पाठ आहे.

ते खरंही आहे. तांड्यात कुणी घर बांधायला काढलं की नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, निरोप देतो आणि रिकामे असतील ते हात येतात. त्यांना दोन वेळचं जेवण घालायचं, आणि त्यांचं घर बांधायला निघालं की आपण जायचं.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात जमीन अधूनमधून गुरगुरते. भांडी वाजतात, लोक अंगणात येऊन उभे राहतात. मागच्या एका धक्क्यात पुनमचंदच्या मागल्या भिंतीला बारीक चीर गेली. त्याने ती सिमेंटनं बुजवली आणि विषय संपवला. त्याची बायको जिवनबाई मात्र अडून बसली. घराचा विमा काढायचाच. जवळा बाजारची दिपा ते काम करते, म्हणून मी तिला घेऊन गेलो.

"काका, हे घर पडलं तर आज पुन्हा बांधायला जेवढं लागंल, तेवढ्याचा विमा," दिपा म्हणाली. "जागा धरायची न्हाई. जागा कुठं पळून जात न्हाई."

पुनमचंदनं सामानाचा खर्च सांगितला आणि थांबला.

"आन मजुरी?"

"लागली न्हाई."

"पुन्हा बांधताना लागंल ना?"

"काहून? तांडा हाय की!"

"कुठं हाय तांडा?" जिवनबाई चुलीपुढून म्हणाली. "दिवाळी झाली की अर्धा जातो ऊस तोडायला. आपला पोरगा जगन पुण्यात. तवा घमेली उचलणारे आता काठी टेकून राहिले. तुमी एकलेच बांधसाल का?"

"बांधीन."

"बसल्यावर उठाया हात द्यावा लागतो, आन म्हणं बांधीन!"

 तांड्याच्या कामाला रुपयाचा आकडा लावायचा म्हणजे तांड्याला शिवी देणं, असं पुनमचंदला वाटत होतं. दिपानं त्याला सरळ सांगितलं, "नुसत्या सामानाचा विमा काढला तर भिंती होतील काका, वर स्लॅब टाकाया पैसा उरायचा न्हाई. पावसाळ्यात काकूला कुठं ठेवताल?"

"मला इचारून येऊ दे," तो म्हणाला.

आणि खरंच तो घरोघर विचारायला निघाला. सोबतीला मला घेतलं. पहिलं घर म्हाताऱ्या रूपाबाईचं.

"मावशी, राग धरू नको. इम्यात तुझी मजुरी धरू का? पैसे कुनाला मिळायचे न्हाईत, नुसती धरायची."

रूपाबाईनं तंबाखूची चिमूट तशीच हातात ठेवली. "धर. पण बांधकामावर पाणी म्या मारलंय. गवंड्याचा रोज धर, पुनम्या. बिगाऱ्याचा धरलास तर तुझ्या ओट्यावर पाय ठिवणार न्हाई."

बातमी आमच्या पुढे गेली. पुढच्या दारात हिरामण वाटच बघत होता. "पाया म्या खांदला. माझ्या कमरेइतका खोल."

"कमरेइतका?" शेजारून कुणी ओरडलं. "तू आत बसला असशील!"

ओळीनं सगळी घरं झाली. नाही कुणीच म्हणालं नाही. पुनमचंद ज्यांना विसरला होता ती माणसं तर स्वतःहून येऊन सांगून गेली. पुनमचंद प्रत्येक दारातून निघताना बोटांवर माणसं मोजत गेला. परतताना तो रस्त्यातच थांबला. "गुरुजी, एवढी मानसं राबली व्हय माझ्यासाठी? मी आपला फुकट, फुकट म्हणत ऱ्हायलो."

दिपा पुन्हा आली तेव्हा त्यानं न विचारताच सांगितलं, "मजुरी धर, पोरी. समदी धर." तिनं कुणाच्या मागणीचा रोज लावला नाही. आजच्या दरानं एवढं घर बांधायला किती गवंडी आणि किती मजूर लागतील, ते धरलं. रक्कम जवळजवळ दीडपट झाली, हप्ताही त्या मानानं वाढला. पुनमचंदनं मान डोलावली.

"आन म्या?" जिवनबाई दारात उभी होती. "समद्यांच्या भाकरी कुनी थापल्या? वाळू कुनी चाळली?"

"तुझी कशी धरायची? घर तुझंच हाय."

"माझं हाय म्हून माझं राबनं फुकट व्हय?"

दिपा हसायला लागली. "काकू, पुढच्या बांधकामात तुमी हात लावायचा न्हाई, असंच धरलंय. तुमच्या कामाला मजूर लावलाय."

 "मंग बराबर हाय," जिवनबाई म्हणाली. घर दोघांच्या नावावर आहे. नवऱ्याच्या हातातला पेन घेऊन विम्याच्या अर्जावर पहिली सही तिनंच केली.