आवाज बदलला की हात बाहेर

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभं आयुष्य भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये काढलं. पत्र्याला एका दणक्यात आकार देणारी ती मशीन. हातानं पत्रा आत सरकवायचा, हात मागे घ्यायचा, की वरून ठोका पडतो. दिघीत आमच्या आळीत बऱ्याच घरांत कुणाचं तरी एखादं बोट आखूड होतं. केस पिकतात तशी वय झालं की बोटंही कमी होत असतील, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. अण्णांची मात्र सगळी शाबूत राहिली. त्याचं कारण ते एका वाक्यात सांगायचे, "आवाज बदलला की हात बाहेर." मशीन बिघडायच्या आधी तिचा ठोका बदलतो म्हणे. ज्यांची बोटं गेली त्यांनाही तो बदल ऐकू आला होता. मग हात का घातला, असं विचारलं की जो तो म्हणायचा, "शेवटचंच होतं."

मी क्लासिकल गिटार वाजवते. हे सांगितलं की लोक खूश होऊन म्हणतात, मग होऊन जाऊ द्या एखादं पिक्चरचं गाणं! पूर्वी मी समजावून सांगायचे, आता नुसतं हसते. या गिटारच्या तारा नायलॉनच्या असतात आणि त्या उजव्या हाताच्या नखांनी छेडायच्या असतात. त्यामुळे माझ्या उजव्या हाताची नखं कायम वाढलेली आणि डाव्याची कायम कापलेली. आळीतल्या बायकांनी त्यावरून मला भरपूर टोमणे मारले. नखं तुटू नयेत म्हणून घरातली भांडी अण्णा घासायचे, शिफ्टवरून आल्यावरसुद्धा. कुणी हसलं तर म्हणायचे, "तिच्या हाताला काम सांगायचं न्हाई."

त्या हातांवर मी पोट भरलं. रहाटणीत क्लास चालवला, आसपासच्या हॉटेलांत चमच्यांच्या खणखणाटात वाजवलं. समोरचा माणूस पनीर टिक्का चावत माझ्याकडे बघतोय, अशा कितीतरी संध्याकाळी काढल्या. आणि मग पुण्यात एका सभागृहात माझा एकटीचा कार्यक्रम ठरला. शाळेत असल्यापासून मला हेच हवं होतं.

त्याची तयारी चालू असतानाच माझ्या उजव्या हाताची अनामिका आत वळायला लागली. एक सूर तीन बोटांनी आळीपाळीनं झरझर छेडायचा असतो, त्यात तिची पाळी आली की ती तारेवर न जाता तळहाताकडे दुमडायची. दुखत काहीच नव्हतं. दमली असेल, म्हणून मी सोडून दिलं. स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता अण्णा म्हणाले, "आवाज बदललाय."

"अण्णा, ही गिटार आहे, प्रेस नाही," मी खेकसले. मी सराव दुप्पट केला. जमत नसेल तर आणखी करायचं, दुसरं काही आम्हाला शिकवलेलंच नसतं.

पुढे तर तारांवर हात ठेवला रे ठेवला की बोट मिटायला लागलं. कप धरताना नीट, मोबाइलवर नीट, पीठ मळताना नीट. फक्त गिटारवर नाही. डॉक्टर म्हणाले, हात चांगला आहे, मेंदूत या बोटांची सरमिसळ झाली आहे. सराव बंद ठेवा, जेवढा कराल तेवढं हे पक्कं होत जाईल. परत कधी वाजवता येईल हे त्यांना सांगता येईना.

अण्णांना ते पटेना. "पण बोट तर हाय की," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आमच्या घरात बोट एक तर असायचं किंवा गेलेलं असायचं. असून नसलेलं बोट त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी आपल्या परीनं इलाज काढला. प्लास्टिकची पातळ पट्टी कापून, कडा घासून, ती अनामिकेला काळ्या टेपनं बांधली. बोट वळायला जागाच उरली नाही. आणि जमलं! आठवडाभर मी वेड्यासारखी वाजवत होते. कार्यक्रम रद्द करायचा फोन मी केलाच नाही. अण्णा रोज सकाळी ताजी टेप लावायचे, आणि त्यांच्या तोंडावर इतका आनंद असायचा की डॉक्टरांचं नाव काढायची माझी हिंमत होईना.

एका दुपारी तोच भाग वाजवताना सूर किंचित लंगडला. या वेळी तो आधी मलाच ऐकू आला. मी खाली पाहिलं. अनामिका बांधलेली, सरळ होती. शेजारचं मधलं बोट हळूहळू आत येत होतं.

अण्णा दारात उभे होते. ते येऊन समोर बसले, माझा हात मांडीवर घेतला आणि टेप सोडवली. "ह्ये माझं चुकलं," ते म्हणाले. "आता हात बाहेर काढ, पोरी."

मी मान डोलावली. हात त्यांच्या मांडीवरून उचलला आणि परत तारांवर ठेवला.

"हो अण्णा," मी म्हणाले. "हे शेवटचंच."