कासीमभाईंची म्हातारी

कासीमभाईंनी मला पुण्यात उभं केलं. आधी हे नाव, मग बाकीचं.

वऱ्हाडातून चालत आलो आणि कसब्यातल्या तालमीच्या दारात घेरी येऊन पडलो. त्यांनी उचलून आत नेलं, आपल्या ताटातली भाकरी दिली, वस्तादांना म्हणाले, "खांदे बघा याचे. राहू द्या." पंतोजींची शाळा मी बाराखडी संपायच्या आतच सोडलेली. उरलेली अक्षरं त्यांनी आखाड्याच्या मातीत बोटाने काढून शिकवली. त्याच अक्षरांत आज लिहितोय — जे बायकोलाही कधी सांगितलं नाही.

कुठून सुरू करू? गुडघ्यापासून करतो.

त्यांचा उजवा गुडघा झिजला होता. वाकवला की आत वाळू भरडल्यासारखी वाजायची. रोज सकाळी मी निर्गुडीच्या पाल्याने शेकायचो, तेल जिरवायचो. त्या गुडघ्याला ते 'म्हातारी' म्हणायचे. माझा हात जड पडला की नुसतं "म्हातारी!" — की मी हात उचलायचा. हा शब्द आम्हा दोघांतला. दुखरा सांधा तालमीत कुणाला कळू द्यायचा नाही, हा मल्लांचा रिवाजच. मला त्यांनी कळू दिला.

मेहनत मात्र सोडली नव्हती. बैठका निम्म्यावर आणल्या, बंद केल्या नाहीत. "बसवून ठेवली तर म्हातारी अंथरूण धरील," म्हणायचे. रोज नदीकाठच्या सपाटीने चालायचे. आम्ही पर्वतीला निघालो की हसायचे, "पायऱ्या तुम्ही चढा, पुण्य मिळवा. मी आपला सपाटीवरचा पापी."

मी उगाच लांबवतोय ना? कळतंय मला.

आमची तालीम एका सरदारांच्या अन्नावर चालायची. त्यांचं फर्मान आलं — शिकवायला दोघांतला एकच ठेवा, कुस्ती लावून ठरवा. दोघं म्हणजे कासीमभाई आणि मी; एव्हाना मीही पोरांना डाव शिकवायचो. हरलो तर जायचं कुठे? माझं गाव पेंढाऱ्यांनी जाळलं होतं. म्हातारी आई त्यातच गेली. तालमीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. कारण म्हणून सांगत नाही — पुढे जे केलं ते कळावं म्हणून सांगतोय.

सलामी झाली. त्यांनी मला दोनदा आपटलं. नाकातून रक्त, तोंडात माती. मानेवर त्यांचं कोपर. आता पाठ लागणार, एवढ्यात त्यांची उजवी पोटरी माझ्या हाताला लागली — आणि मी ती आतल्या बाजूला पिळली. कुठे पिळायची, ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

"म्हातारी!" ते ओरडले.

कडेला बसलेली मंडळी हसली. त्यांना काय कळणार? मला कळलं. तेच तर सांगायला बसलोय — मला कळलं, आणि मी सगळं अंग टाकून पुन्हा पिळली. ओलं लाकूड फाटावं तसा आवाज आला. त्यांनी दातांनी माती धरली. मी तिसऱ्यांदा पिळली. तिसऱ्यांदा कशाला? ते तर केव्हाच पडले होते.

वस्तादांनी मला केसांना धरून ओढलं, थोबाडीत मारली. "जनावरा! 'सोड' म्हटलेलं ऐकू येत नाही तुला?"

आणि मी — रक्त पुसत मी म्हणालो, "त्यांनी माझी मेलेली आई काढली. म्हातारी म्हणाले. सगळ्यांनी ऐकलंय!"

ऐकलं होतंच सगळ्यांनी.

मग कुणी त्यांच्या बरगडीत लाथ घातली, कुणी तोंडावर थुंकलं. एकाने तर त्याच पायावर काठी हाणली. वस्तादांनी विचारलं, "खरं का रे, कासीम?" गुडघ्याचं एकदा सांगितलं असतं तर सुटले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "निकाल लागला ना, वस्ताद? मग झालं," एवढंच म्हणाले.

झोळी करून नेलं त्यांना. तालमीत पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही.

आता मी वस्ताद आहे. माझाही गुडघा भरडतो, डावा. निर्गुडीनेच शेकतो, बैठका निम्म्यावर आणल्यात — सगळं त्यांचंच. अंगाला तेल लावायला मात्र कुणाला जवळ येऊ देत नाही.

ते दोन गल्ल्या सोडून राहतात. पाय ताठला, तरी काठी टेकत रोज नदीकडे सपाटीला जातात. तालमीची पोरं त्यांना बघून रस्त्यात थुंकतात. ती पोरं मी शिकवलेली आहेत. आज सकाळी काठीचा आवाज आला, तसं मी दार लोटून घेतलं.

एक दिवस त्यांना हाताला धरून त्याच मातीत आणीन, आणि म्हातारी म्हणजे काय ते सगळ्या तालमीसमोर सांगीन. ते चालते आहेत तोवर.