प्रार्थनेच्या रांगांपुढे मोठ्या बाई

श्रीमती लीलाबाई खरात यांची आणि माझी पहिली ओळख सुखाची नाही. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण परवानगी घ्यायला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्याच म्हणाल्या, "तीच गोष्ट लिही. माझं चांगलं लिहायला बाकीचे आहेत."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी चिखलीच्या शाळेत आठवीत होते आणि बाई नुकत्याच मुख्याध्यापिका झाल्या होत्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. एसटी स्टँडमागे गजूभाऊंचं कॅसेटचं दुकान होतं. त्यांनी तिथे व्हिडिओ गेमची दोन मशीनं आणून ठेवली. शेजारीच माझ्या वडिलांचं भाजीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे पळायची. मला तो खेळ फार छान जमायचा, आणि दुसरी कुठली मुलगी तिथे येत नसे.

मुलांच्या आवडीच्या खेळात सुरुवातीलाच चार गुंड एका बाईला मारत, खांद्यावर टाकून घेऊन जात. मग नायकाने मारामारी करत तिच्यापर्यंत पोचायचं. मशीनच्या बाजूला तिचं चित्र होतं, फाटक्या कपड्यांतलं. मुलं त्यावर नाही नाही ते बोलत. मी खेळाकडे बघायची, चित्राकडे बघायचं टाळायची.

एके दिवशी शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलाने माझ्या वर्गातल्या सुनीताला भररस्त्यात तसंच खांद्यावर उचललं. बाकीचे खेळातल्यासारखे आवाज काढत मागे धावले. ती धडपडून खाली पडली, तिचा फ्रॉक फाटला. स्टँडवरची माणसं हसली. मदतीला कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या वडिलांनी तिची शाळा बंद केली.

शाळेत चौकशी झाली. त्या दुकानात कोण कोण जातं हे विचारलं गेलं आणि त्यात माझं नाव निघालं. मुलांना शिक्षकांनी खोलीत बोलावून दटावलं. मला मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या रांगांपुढे उभं केलं. "मुलीच अशा जागी जाऊ लागल्या तर मुलांना कोणत्या तोंडाने बोलायचं?" असं त्या म्हणाल्या. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होते. घरी वडील एवढंच म्हणाले, "तुह्यामुळं मान खाली गेली माही." त्यानंतर मी वडिलांच्या दुकानातही बसेनाशी झाले. कोणी हसलं की मला वाटायचं, मलाच हसलं.

काही दिवसांनी बाईंनी मला खोलीत बोलावलं.

"काऊन जात होती तू तिथं?" त्यांनी विचारलं. शाळेत त्या पुस्तकी मराठीच बोलत. त्या दिवशी मात्र घरचं बोलल्या.

"मले खेळता येते, बाई."

"अन् काय असते त्या खेळात?"

मला सांगता येईना. मी म्हणाले, "तुमीच पाहा."

बाई खरंच निघाल्या. भरदुपारी मला घेऊन त्या गजूभाऊंच्या दुकानात शिरल्या तशी पोरं भिंतीला लागून उभी राहिली. बाईंनी मला खेळायला सांगितलं. पडद्यावर त्या बाईला मारलं, उचललं. माझे हात थांबले.

"ही बाई कोण?" बाईंनी विचारलं.

"तिले काही नाव नाही, बाई," गजूभाऊ म्हणाले. "तिले उचलून नेतेत, मंग हा सोडवते."

"ती स्वतः काहीच नाही करत?"

"ती काय करन? बाईमाणूस हाय ते."

एक पोरगा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. बाईंनी मशीनवरचं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. परत शाळेच्या फाटकाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "उचलणारा मोकळा सुटला, अन् मी तुले उभं केलं."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मोठ्या बाई ओट्यावरून खाली उतरल्या आणि मला उभं केलं होतं तिथेच उभ्या राहिल्या. "मी एका मुलीला विनाकारण अपमानित केलं. मला त्याची लाज वाटते," असं सर्वांदेखत म्हणाल्या. मुख्याध्यापकाने मुलांपुढे माफी मागू नये, असं एक ज्येष्ठ गुरुजी नंतर त्यांना रागाने म्हणाले. त्याच दिवशी सुनीताला उचलणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना बाईंनी बोलावून घेतलं, आणि झालेल्या गोष्टीला खोडी म्हणायचं नाही, असं शिक्षकांना सांगितलं. गजूभाऊंना त्यांनी ते चित्र रंगवून बुजवायला लावलं. रविवारी सकाळी दुकान फक्त मुलींसाठी उघडू लागलं. बाई दारात स्टुलावर बसून पेपर तपासत, आणि आत आम्ही मुली खेळत असू.

पुढे त्यांनी पुष्कळ केलं. खेड्यांतल्या मुलींना संध्याकाळी ताटकळावं लागू नये म्हणून डेपोत खेटे घालून एसटीची वेळ बदलून घेतली. शाळेत मुलींसाठी वेगळी मुतारी नव्हती. ती होईपर्यंत स्वतःच्या खोलीमागची त्यांना उघडून दिली. मला गणित घेऊन शिकायला त्यांनीच भाग पाडलं, आणि आज मी त्याच शाळेत शिकवते. या सगळ्याबद्दल कोणी स्तुती केली की बाई विषय बदलतात. कारण सुनीता परत आली नाही. बाई तिच्या घरी अनेकदा गेल्या, पण वडील बधले नाहीत. तिचं लवकर लग्न झालं आणि ती सासरी देऊळघाटला गेली.

गेल्या हिवाळ्यात बाई मला म्हणाल्या, "मला तिच्याकडे ने." आम्ही गेलो. सुनीता अंगणात तूर पाखडत होती. बाईंना पाहून ती पटकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि दाराआड झाली. बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "सुनीता, तुझं काही चुकलं नव्हतं. तेव्हा मी हे सगळ्यांपुढे बोलायला हवं होतं. तुझं नाव मी घेतलंच नाही."

आतून ती हळू म्हणाली, "मले वाटलं, बाई, तुमी मले नावं ठेवाले आल्या."

इतकी वर्षं ती शरम तिने स्वतःचीच मानली होती. मला त्या दाराकडे बघवेना. बाई तिथेच पायरीवर बसल्या. मग सुनीता चहा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. त्या दोघी फारसं बोलल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा तिने बाईंचा हात धरून म्हटलं, "असं उभ्या उभ्या नोका येत जाऊ. मुक्कामाले या."

बाईंना उदंड आयुष्य लाभावं, त्यांचे गुडघे साथ देत राहावेत, ही आम्हा साऱ्या विद्यार्थिनींची मनापासूनची इच्छा आहे. देऊळघाटच्या त्या घरी त्यांनी वरचेवर मुक्कामाला जावं, आणि सुनीताने मनातलं सारं बोलून टाकेपर्यंत त्यांनी ते ऐकत राहावं.