चाळणीतला कोंडा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन नाशिकला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांना नुकतीच शुगर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं. मी तेवढंच ऐकलं. पुढचं त्यांनी सांगितलंही असेल, पण तोवर मी पर्स उचलून दाराशी पोचले होते. नीट ऐकून घेणं माझ्या स्वभावातच नाही.

घरात मी पहारा बसवला. चहा बिनसाखरेचा, आंबा बंद. माझा मुलगा दहावी पास झाला, तेव्हा त्यानं आजोबांना दिलेला पेढा मी पाहुण्यांसमोर त्यांच्या हातातून काढून घेतला. ते नुसते हसले. ते हसू आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

आणि त्याच हातांनी मी त्यांच्यासाठी कणीक बारीक चाळणीनं चाळत होते. त्यांचे दात गेलेले, पोळी मऊ हवी. कोंडा शेजारच्या गाईला जायचा. ते म्हणायचे, "बाई, मला बाजरीची भाकर दे ना, अन् मेथीची भाजी. ह्या पोळीनं लय लवकर भूक लागती."

"दादा, भाकरी चावणार कशी? मऊ खा," मी म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. बापाला भाकरीवर ठेवलंय, असं सासरच्यांनी म्हणू नये. सोमवारी उपास, म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी. उपासानं शुगर उतरते, अशी माझी पक्की समजूत.

दोनेक वर्षांनी त्यांच्या पायाला झालेली एक जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी रोजचं जेवण विचारलं. दादा भाकरी मागायचे, हेही मी सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "साबुदाणा, चाळलेली कणीक, यांनी साखर भराभर चढते. कोंडा, पालेभाजी सोबत असली की ती सावकाश चढते. भाकरीही मोजकीच खायची, पण या पोळीपेक्षा ती बरी होती."

"म्हणजे हे माझ्यामुळे?"

"एकट्या जेवणानं असं होत नाही, ताई." मला त्यानं काडीचाही धीर आला नाही.

घरी आल्यावर मी चाळणी माळ्यावर टाकली. बाजरीची भाकरी थापली आणि मेथीच्या पातळ भाजीत कुस्करून दादांपुढे ठेवली. ते सावकाश, चवीनं जेवले. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "पण पोळ्या तुझ्या लय मऊ व्हत्या, बाई."

मी ताट उचलून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.