घरच्यांना थँक्यू नाही

गल्लीत सगळे तिला शिवणबाई म्हणत. सदरे, पडदे, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते ती शिवायची, आणि मशीनपेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. घरात तिचा एकच कायदा होता, आपल्या माणसाला थँक्यू म्हणायचं नाही. मुलानं परमुलखातली, फक्त इंग्रजी बोलणारी बायको केली. ती सून सुट्टीला इथं आली की चहाच्या कपालाही थँक्यू म्हणे. शिवणबाई ओरडायची, "घरच्यांना थँक्यू नाही! ते दुकानदाराला!" सुनेला मराठीतलं पहिलं वाक्य पाठ झालं ते हेच.

मग शिवणबाई जिन्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मुलाला रजा मिळेना, सूनच आली. अंघोळ घातली, वेणी घातली, अंथरुणात शौचाचं भांडं दिलं, काठी धरून पुन्हा चालायला शिकवलं. शिवणबाईची सख्खी बहीण मात्र फळं ठेवून, घड्याळ बघून गेली. सासू-सुनेचं सगळं खाणाखुणांवर चाललं होतं. आता सून परत निघाली होती आणि शिवणबाईला राहवेना. एवढं करून घेतलं आणि तोंडातून एक शब्द नाही? स्वतःचा कायदा तिनं गुंडाळून ठेवला.

खालच्या मजल्यावर इंग्रजीचे निवृत्त मास्तर एकटेच राहत. लोकांच्या लग्नपत्रिकाही ते लाल पेन घेऊन वाचत.

"मास्तर, सुनेला सांगायचंय, तू माझं केलंस म्हणून."

"थँक्यू फॉर लुकिंग आफ्टर मी."

"थँक्यू फॉर लुक आफ्टर."

"लुकिंग! आणि शेवटी 'मी'."

"मी कशाला मध्ये? केलं तिनं!"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. पण माणूस चिवट. मशीनशेजारी खुर्ची टाकून त्यांनी वाक्य घोटून घेतलं. शिवणबाई पायडल मारता मारता पुटपुटायची. त्या नादात एका पडद्याला बाही लागली, पण वाक्य बसलं.

निघायच्या दिवशी गाडी दाराशी आली. शिवणबाई काठी टेकत फाटकापर्यंत गेली, मास्तर मागे परीक्षकासारखे उभे. तिनं सुनेचे हात धरले आणि एका दमात म्हटलं, "थँक्यू फॉर लुकिंग आफ्टर मी."

एक अक्षर चुकलं नाही. सुनेचा चेहरा मात्र उतरला.

"आई," ती अडखळत म्हणाली, "घरच्यांना थँक्यू नाही. मी दुकानदार आहे का?"

काठी तिथंच पडू देऊन शिवणबाईनं पोरीला मिठी मारली आणि भर रस्त्यात रडली. "नाही गं बाई," एवढंच तिला म्हणता आलं. मास्तरांनी काठी उचलून धरून ठेवली.

गाडी वळली. मास्तरांच्या हाताचा आधार घेत शिवणबाई जिना चढू लागली.

"तुमची शिकवणी फुकट गेली, मास्तर."

"जाऊ द्या. उच्चार चांगला झाला."

तिनं त्यांना थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"रात्री एकट्यापुरतं शिजवत बसू नका," ती म्हणाली. "जेवायला वरच या."