शून्याखालचं टोक

व्हर्ना ह्रुस्काबाई चिडल्या की खडू मोडायच्या. नेब्रास्कातल्या आमच्या शाळेत माझा इंग्रजीचा वर्ग त्यांच्या शेजारीच, त्यामुळे बीजगणिताची आरडाओरड मला रोज ऐकू यायची. हँगरची तार वाकवून त्यांनी मोठा 'व्ही' केला होता. फळ्यावरच्या चौकटींवर तो ठेवायच्या, खाली सरकवायच्या आणि विचारायच्या, "y = |x| − 3. तीन वजा केले ना? मग अख्खा व्ही तीन घरं खाली! आकार बदलला का? नाही!"

तरी दरवर्षी निम्मी पोरं आडव्या अक्षाखाली गेलेलं टोक वर दुमडून व्हीचा 'डब्ल्यू' करायची. का, तर केवलमूल्य, म्हणजे उभ्या दांड्यांमधल्या संख्येची चिन्हाशिवायची किंमत, कधी ऋण नसतं! बाईंचा पारा चढायचा. "दांड्यांच्या आतलं ऋण नसतं रे! तीन बाहेर आहेत. तुमच्या घरांना तळघरं नाहीत का?"

यंदा परीक्षा संगणकावर झाली. बाईंच्या वर्गातली टेसा लिंडक्विस्ट आधी दोनदा नापास झालेली. या वेळीही गणित राहिलं, तर मे महिन्यात शाळा संपल्याच्या समारंभात झगा घालून वर्गाबरोबर मंचावर जाणं बंद. आणि ती एका गुणाने राहिली. तिने टोक उणे तीनवरच ठेवलं होतं. पण कुणा शहाण्याने संगणकात बरोबर उत्तर म्हणून डब्ल्यू भरला होता.

तार हातात घेऊन बाई टेसासकट मुख्याध्यापकांच्या खोलीत घुसल्या. मलाही राग आवरेना, मीही मागोमाग गेलो. मुख्याध्यापक डेल ऑकरमन हा बाईंचाच जुना विद्यार्थी.

"बाई, केवलमूल्य ऋण नसतं, एवढं मलाही आठवतं," तक्रार ऐकून तो म्हणाला.

"चुकीचं आठवतंय! तूही डब्ल्यूच काढायचास, गाढवा!"

डेल हसला. "बरं बाई, चिडू नका. पोरीला सवलतीचा एक गुण देऊन टाकतो. झालं?"

माझं डोकंच फिरलं. चूक यांची आणि उपकार तिच्यावर! बाई तोंड उघडणार, तोच टेसा पुढे झाली.

"सर, x शून्य धरा. शून्याचं केवलमूल्य किती?"

"शून्य."

"त्यातून तीन गेले?"

डेलने बाईंच्या हातातल्या तारेकडे पाहिलं.

"बोला ना, सर."

"उणे तीन," तो पुटपुटला.

"मग सवलत तुम्ही ठेवा," टेसा म्हणाली. "मला माझा गुण द्या."